उघड्या बाटलीशेजारची मेणबत्ती

पेवाचं तोंड माणूस जेमतेम मावेल एवढं असतं. पोट खोलीएवढं. हरिपूरची माती चिकट आहे, खोदलं तरी ढासळत नाही, म्हणून हळद तिथे जमिनीखाली ठेवत.

*

वाइन चाखणारे लोक ती पीत नाहीत. तोंडात घोळवतात आणि बादलीत थुंकतात. बारीक, सरळ धारेत थुंकणं शिकावं लागतं. माधवी सबनीस सांगायच्या, सुरुवातीला त्या घरच्या बेसिनवर पाण्याने सराव करत.

*

अकरावीला मी मराठी सोडून फ्रेंच घेतलं. मार्क जास्त पडतात म्हणून.

*

घरात वीज आली तरी माझे वडील, आण्णा, रोज संध्याकाळी कंदिलाची काच राखेने घासत. फडक्याने पुसून उजेडाकडे धरून पाहत. पेटवत नसत.

*

दुभाष्याने 'मी' म्हणायचं असतं. समोरचा म्हणाला माझे गुडघे दुखतात, तर 'यांचे गुडघे दुखतात' असं सांगायचं नाही. 'माझे गुडघे दुखतात' असंच सांगायचं. पहिले काही दिवस हसू येतं. मग सवय होते.

*

वाइन चाखायच्या हॉलमध्ये अत्तर लावून यायचं नाही. गजरा नको. उदबत्ती, मेणबत्ती तर नाहीच.

*

"मेणबत्ती कुणी लावली?" माधवीताईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"त्यांनीच. पिशवीतून आणलीय."

"विझवायला सांग. अख्ख्या हॉलमध्ये मेणाचा वास पसरेल. आणि हॉटेलच्या फायर सेफ्टीवाल्याने पाहिलं तर टेबलासकट आपल्याला बाहेर काढेल."

मी मस्यू ओब्रे यांना सांगितलं. त्यांनी मेणबत्तीकडे पाहिलं, मग तिच्या शेजारच्या बाटलीकडे, आणि चार शब्द बोलले.

"काय म्हणतायत?"

"ही बाटली उघडी आहे तोवर नाही."

"म्हणजे काय?"

"तेवढंच म्हणाले."

माधवीताईंनी एकदा छताकडे पाहिलं. "बरं. भिंतीकडे तरी सरकव. पुढे फ्लॉवरपॉट ठेव काहीतरी."

मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलचा हॉल होता तो. दुपारची वेळ. वाइनचा रंग दिसावा म्हणून खिडक्यांचे जाड पडदे पूर्ण बाजूला केले होते. माधवीताईंची कंपनी फ्रान्समधून वाइन आणायची. वर्षातून एकदा ती आपल्याकडचा सगळा माल एका दिवसात, एका हॉलमध्ये मांडायची, आणि हॉटेलवाले, रेस्टॉरंटवाले टेबलामागून टेबल चाखत फिरायचे, काय घ्यायचं ते ठरवायचे. आमची बाजू पांढऱ्या वाइनची. काही टेबलांमागे खुद्द ती वाइन बनवणारे शेतकरी उभे होते, आणि ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांच्या शेजारी आमच्यासारखे दुभाषे.

लुसियँ ओब्रे सत्तरीकडे झुकलेले होते. ल्वार नदीच्या काठचे. कोट खांद्यांना मोठा झालेला, केस पाणी लावून बसवलेले, उजव्या अंगठ्याचं नख काळं. सकाळी मी त्यांना समजावलं होतं: दोन वाक्यं बोला आणि थांबा, मी सांगते, मग पुढची दोन. ते म्हणाले होते, माझी बायको मला हेच शिकवायला चाळीस वर्षं झटतेय.

"यांचा माल दोन वर्षं गोडाऊनमध्ये पडून आहे," माधवीताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "आज परेरांनी घेतला तर ठीक. नाही घेतला तर यादीतून काढावं लागेल मला."

"त्यांना माहीत आहे?"

"पत्रात स्पष्ट लिहिलंय. बाहेरच्या देशात आमच्याशिवाय कुणी घेत नाही त्यांचं. शेजारी मळा विकत मागतोय म्हणे. म्हणून तर या वयात एवढ्या लांब आलेत. आणि आल्यावर काय, तर मेणबत्ती."

टेबलावर तीन बाटल्या होत्या. तिन्ही शेनिनच्या, नाशकात होतात त्याच जातीची द्राक्षं. पहिली ताजी, पाण्यासारखी. दुसरी जरा जुनी, फिकट पिवळी. तिसरीला लेबल नव्हतं, खांद्यावर खडूची एक रेघ. ती मेणबत्तीजवळ उभी होती. तिच्यातली थोडीशी वाइन त्यांनी एका ग्लासात काढून ठेवली होती, आणि त्या ग्लासाला कुणी हात लावला नव्हता. त्यांनीही नाही.

"रंग बघ कसला आहे," माधवीताई म्हणाल्या होत्या.

मी म्हणाले, "मधासारखा."

मधासारखा नव्हता.

*

लोक येत होते. पुण्याचा एक रेस्टॉरंटवाला आला, हुंगलं, घोळवलं, थुंकला. "ताई, यांना विचारा, हिच्यात असं काय आहे जे आमच्या नाशकात नाही?"

मी विचारलं.

"दगड," मस्यू ओब्रे म्हणाले.

"दगड," मी म्हणाले.

"दगड?"

"मुळं मऊ दगडात शिरतात," मस्यू ओब्रे. "माझ्या आजोबांच्या वेळची मुळं आहेत. माझ्यापेक्षा खोल गेलीत."

"मग आमची नाशिकवाली पोरं अजून मातीतच खेळतायत म्हणायची," तो हसत पुढच्या टेबलाकडे गेला. काही घेतलं नाही.

मधल्या वेळात मी ज्योतीकडे पाहत होते. फ्लॉवरपॉटच्या मागे ती सरळ उभी होती. ठीक आहे, असं माझ्या मनात आलं. कशासाठी ठीक, ते मी स्वतःला विचारलं नाही. पण कुणी घाईने शेजारून गेलं आणि ज्योत वाकली की माझा हात टेबलाच्या कडेला घट्ट व्हायचा.

"तुम्ही सारखं तिकडे बघता," मस्यू ओब्रे म्हणाले.

"सवय आहे."

"मेणबत्तीकडे बघायची?"

"ज्योतीकडे."

ते आणखी काही विचारणार होते, पण परेरा आले.

*

एड्विन परेरा वसईचे. हॉटेलांच्या एका मोठ्या साखळीची सगळी खरेदी त्यांच्या हातात. अंगाने दणकट आणि आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. त्यांच्या मागे माधवीताई.

"बोला मॅडम, काय पाजताय?" ते मला म्हणाले. "सकाळपासून थुंकून थुंकून जबडा दुखायला लागलाय. आमच्या वसईत लग्नाला घरची दारू असायची. ती कुणी अशी थुंकली असती ना, तर नवऱ्याच्या बापाने त्याला गावाबाहेर घातलं असतं."

त्यांनी पहिली चाखली. दुसरी चाखली. बादलीकडे न बघता अचूक थुंकले.

"चांगली आहे. ही दुसरी तर खरंच चांगली आहे." ते माधवीताईंकडे वळले. "पण माधवी, चांगल्या आज इथे खूप आहेत. आणि हे नाव माझ्या वेटरांना उच्चारता येणार नाही."

माधवीताई माझ्याकडे पाहीनात. मस्यू ओब्रे माझ्याकडे पाहत होते. मी सांगितलं: चांगली आहे, पण चांगल्या आज इथे खूप आहेत. त्यांनी मान हलवली आणि आणखी स्वच्छ ग्लास काढायला खाली खोक्यात वाकले. बहुधा चेहरा लपवायलाही.

तेवढ्यात परेरांनी हात लांब केला. मोठे गिऱ्हाईक करतात तसं. तिसरी बाटली उचलली, स्वतःच ओतून घेतली, तोंडाला लावली.

मस्यू ओब्रे वर आले तेव्हा ग्लास ओठांना होता. "नाही," ते म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. उशीर झाला होता.

परेरा तोंडात घोळवत उभे राहिले. खूप वेळ. शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं, ग्लास किणकिणले, ते तसेच उभे. मग थुंकले, आणि पहिल्यांदाच धार चुकली, थोडी टेबलक्लॉथवर पडली.

"ही किती आहे यांच्याकडे?"

मी विचारलं.

"विकायची नाही," मस्यू ओब्रे म्हणाले.

"जेवढी असेल तेवढी सगळी. भाव त्यांनी सांगावा."

"विकायची नाही."

"मग आणली कशाला एवढ्या लांब?" परेरांचा आवाज चढला नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "इथे सगळे विकायलाच आलेत ना?"

"सुनेत्रा," माधवीताई म्हणाल्या, "त्यांना नीट समजाव. ही एक दिली तर बाकीच्या दोन्हीही जातील. नाही दिली तर मी काही करू शकणार नाही. असंच सांग."

मी असंच सांगितलं.

मस्यू ओब्रे खुर्चीवर बसले. हात गुडघ्यांवर ठेवले. आणि मी सकाळी शिकवलं होतं तसं, दोन वाक्यं बोलायची, थांबायचं, असं बोलू लागले. मी त्यांच्या शेजारी उभी राहून मराठीत सांगत होते.

"माझं तळघर डोंगराच्या पोटात आहे. मऊ दगड खोदून केलेलं."

"द्राक्षाचा रस फसफसायला लागला की त्यातून एक वायू निघतो. जड असतो, खाली साचतो. दिसत नाही, त्याला वास नाही."

"म्हणून माझे वडील मेणबत्ती घेऊन उतरायचे. गुडघ्याएवढ्या उंचीवर धरायची. विझली की मागे फिरायचं. त्यांचे वडीलही तेच करायचे."

"त्या वर्षी मी तळघरात वीज घेतली. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पिंपापर्यंत."

परेरांनी ग्लास खाली ठेवला नव्हता. माधवीताईंची मान खाली होती. मला पुढचं वाक्य ते बोलण्याआधीच कळलं, आणि मला वाटलं की ते त्यांनी बोलू नये. ते बोलले.

"माझा मुलगा मातिस सकाळी खाली निघाला. त्याच्या हातात मेणबत्ती होती. मी म्हणालो, ठेव ती. खाली लख्ख उजेड आहे."

"बल्ब विझत नाही."

"मी हाक मारली. ओ आली नाही. मी वरून पाहिलं."

"तो दिसत होता. उजेड होता ना. हात नीट पोटाशी घेऊन, पोत्यावर डोकं टेकून झोपल्यासारखा."

"मी दोर कमरेला बांधायला लागलो. लोकांनी मला धरलं. महादबा म्हणाला, तुम्हीही आतच राहाल. मी म्हणालो, सोडा. त्यांनी सोडलं नाही. मी महादबाच्या हाताला चावलो."

"आधी कंदील सोडायचा असतो. दोराला बांधून, हळूहळू, तळापर्यंत. विझला तर पेव तसंच उघडं ठेवायचं, आत वारा खेळू द्यायचा, दिवसभर थांबायला लागलं तरी थांबायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. साऱ्या गावाला मीच सांगायचो. त्या दिवशी मी दोराला बॅटरी बांधली. तळ दिसला. हळदीची पोती दिसली, एकेक शिवण दिसली. मी म्हणालो, शशी, उतर."

"व्यापाऱ्याची गाडी उभी होती. लग्नसराई तोंडावर. दोन दिवसांनी त्यांनी तीच हळद काढली. भरली. मी बाजूला बसून होतो. मी अडवलं नाही. आता गावात कुणाच्या घरी हळद लागली की मी नदीकडे—"

"सुनेत्रा." माधवीताईंचा हात माझ्या कोपरावर होता. "सुनेत्रा, ते केव्हाच थांबलेत."

मी थांबले.

मस्यू ओब्रे माझ्याकडे पाहत होते. ते कधीचे गप्प होते, मला माहीत नाही. ज्योत सरळ होती.

परेरांनी हलक्या आवाजात विचारलं, "महादबा कोण?"

"आमच्या गावचे," मी म्हणाले.

*

"काय सांगितलंत तुम्ही?" मस्यू ओब्रे यांनी विचारलं. "मी एवढं बोललो नव्हतो."

मी त्यांना फ्रेंचमध्ये सांगितलं. आमच्याकडे हळद जमिनीखाली ठेवत. तिथेही हवा मरते. तिथेही दिवा सोडतात.

"कोण?"

"भाऊ. मोठा."

"कुणी पाठवलं?"

"वडिलांनी."

"तुम्ही पाहिलंत?"

"मी शाळेत होते."

"मग वडिलांनी सांगितलं तुम्हाला."

"नाही. बॅटरी सोडल्याचं गावाला माहीत होतं. आण्णा त्यावर कधी एक शब्दही बोलले नाहीत."

हे बोलल्यावर मला कळलं की पोत्यावर टेकलेलं डोकं, पोटाशी घेतलेले हात, महादबांच्या हाताला घेतलेला चावा, हे मला कुणीच सांगितलेलं नव्हतं.

मस्यू ओब्रे यांनी ते विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "आणि ती हळद?"

"गेली. लग्नांना."

त्यांनी मान हलवली. "माझी त्या वर्षीची वाइन मला विकता येत नाही. ओतून देता येत नाही. दर वर्षी एक उघडतो आणि मेणबत्ती लावून दुपारभर बसतो. यंदा बायको म्हणाली, इथे नको, ने तुझ्याबरोबर."

परेरा आमच्याकडे आळीपाळीने पाहत होते. फ्रेंच त्यांना येत नव्हतं. त्यांच्या ग्लासात घोटभर उरलं होतं. त्यांनी ते तोंडात घेतलं, आणि थुंकले नाहीत. गिळलं. त्या दिवशी त्या हॉलमध्ये मी दुसऱ्या कुणाला गिळताना पाहिलं नाही.

"माधवी, तिसरी नको," ते म्हणाले. "दुसरी पाठव. सगळीकडे नको, समुद्राकडच्या दोन हॉटेलांत. मासे खाणाऱ्यांना चालेल."

"नक्की घेताय ना?"

"घेतोय म्हणालो ना." मग मला म्हणाले, "त्यांना एक सांगा. माझी चूक झाली. विचारून घ्यायला हवी होती."

मी मस्यू ओब्रेंकडे वळले. दुभाष्याने 'मी' म्हणायचं असतं.

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "विचारायला हवं होतं."

मस्यू ओब्रे उठले. परेरांशी त्यांनी हात मिळवला आणि मग माझ्याशीही.

*

सगळं आवरताना त्यांनी तिसऱ्या बाटलीत बूच ठोकलं, आणि मगच थुंकी लावलेल्या बोटांनी वात चिमटली. बाटली कागदात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिली.

"वडिलांकडे न्या."

"ते घेत नाहीत."

"मीसुद्धा हिच्यातला एक थेंब कधी घेतलेला नाही," ते म्हणाले.

लिफ्टपाशी माधवीताईंनी विचारलं, "बरी आहेस ना?"

"हो."

"पुढच्या वेळी..." त्या एवढंच म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरी मुलगी घेतली. त्यांचं बरोबरच होतं. ओब्रे यांचं नाव मात्र त्यांच्या यादीत पुढे काही वर्षं होतं.

*

हरिपूरला पोहोचले तेव्हा आण्णा सोप्यात कंदील घेऊन बसले होते. मी बाटली समोर ठेवली.

"काय आहे?"

"द्राक्षाचं आहे. एका फ्रेंच माणसाने तुमच्यासाठी दिलंय."

"मला कसा ओळखतो तो?"

"मी सांगितलं."

"काय सांगितलंस?"

मला सगळं सांगता आलं असतं. मुंबईत, अनोळखी माणसांसमोर, त्यांच्या तोंडचं सगळं मी सांगितलं होतं. इथे तोंड उघडेना.

"त्याचा मुलगा तळघरात गेला," मी म्हणाले. "आतल्या हवेनं."

आण्णा काच घासत राहिले. "दिवा सोडला नव्हता?"

"विजेचा होता."

त्यांचा हात थांबला. त्यांनी काच उजेडाकडे धरली, फिरवून पाहिली, बसवली. मग म्हणाले, "काडेपेटी आण."

मी आणली. कंदिलात तेल होतं. आत्तापर्यंत मला वाटायचं की तो रिकामाच असतो. त्यांनी वात वर केली, पेटवली, काच खाली केली आणि कंदील बाटलीशेजारी ठेवला. बाटलीचं बूच मी काढलं. त्यांनी सांगितलं नव्हतं.

आम्ही बसून राहिलो. बाटलीत पिवळं हलत होतं. बाहेर कुणीतरी गुरं घेऊन नदीकडून परतलं. आण्णा ज्योतीकडे बघत होते. ती सरळ होती.

"ठीक आहे," ते म्हणाले, कुणाला तरी वरून सांगितल्यासारखं.

*

ती बॅटरी दादाने आणली होती, आण्णांसाठी, मिरजेच्या बाजारातून, आदल्या दिवशी.